बोलकी बटणं : कुत्रीला जमली, कंपनीला नाही

परवा आमच्या चिंगी कुत्रीने 'बाहेर' हा शब्द बोलणारं बटण दाबलं आणि त्यातून कुकरची शिट्टी आली. पाठोपाठ माझाच आवाज, "आई, तीन झाल्या का?" चिंगी शांतपणे दाराकडे तोंड करून उभी. तिच्या दृष्टीने तिचं बोलून झालं होतं.

हे का झालं ते आधी सांगते, कारण या बटणांच्या सेटला तारे देताना पाचपैकी दोन मी याच एका गोष्टीसाठी कापणार आहे. आमच्या सेटमध्ये रेकॉर्डिंगचा स्विच बटणाच्या कडेला उघडा आहे. त्यावर झाकण नाही, की तो खोलगट खाचेतही बसवलेला नाही. चिंगी लाडात आली की बटण तोंडात धरून सोफ्याखाली नेते. दात नेमका स्विचवर बसला की नवीन रेकॉर्डिंग सुरू आणि जुनं पुसलं जातं. सेल बदलायच्या झाकणाला मात्र स्क्रू दिलाय! म्हणजे सेल चोरीला जाणार नाहीत याची काळजी घेतली, शब्द चोरीला गेले तरी चालतील.

ही बटणं रील्समध्ये सगळ्यांनी पाहिली असतील: आपण एकेक शब्द रेकॉर्ड करून ठेवायचा, कुत्र्याने बटण दाबलं की तो शब्द वाजतो. क्रिस्टिना हंगर या अमेरिकन स्पीच थेरपिस्टबाईंनी 2018 च्या सुमारास आपल्या स्टेला नावाच्या कुत्रीला ती शिकवली. न बोलणाऱ्या मुलांसाठी वापरतात तीच पद्धत: बाहेर नेताना प्रत्येक वेळी आपणच आधी बटण दाबायचं, कुत्र्याचा पंजा धरून दाबायला लावायचं नाही. अमेरिकेतले ते षटकोनी चटयांचे सेट बघितले, कुरिअर आणि कस्टमचा हिशेब केला आणि गपचूप इथलाच साडेबाराशेचा चार बटणांचा सेट घेतला. 'बाहेर', 'खाऊ', 'खेळ' आणि 'बास'. आवाज आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, कारण चिंगी घरात फक्त त्यांचंच ऐकते. रंग लाल, हिरवा, पिवळा, निळा. कुत्र्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, त्यामुळे ती चैन आपल्यासाठीच.

पहिले काही आठवडे पैसे पाण्यात गेले असंच माझं मत होतं. बटणं फरशीवर घसरायची आणि चिंगी घाबरून लांब बसायची. जुन्या काथ्याच्या पायपुसण्याला ती दुहेरी टेपने चिकटवली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. मग एकदा सकाळी स्वयंपाकघरात ऐकू आलं, "बाहेर." आई तर माझ्यासमोर पोळ्या लाटत होत्या. आम्ही दोघी धावलो.

त्यानंतर अर्थातच 'खाऊ'चा सपाटा सुरू झाला. मधे तर पहाटे तीनला खाऊ, खाऊ, खाऊ, तेही सासूबाईंच्या खणखणीत आवाजात. आवाज कमी करायची सोय नाही. आता रात्री पायपुसणं उचलून चपलांच्या स्टँडवर ठेवते. 'बास' तिने आजवर एकदाही दाबलेलं नाही. ते फक्त आई दाबतात.

आता कुकरच्या शिट्टीकडे परत येते. बटणातून 'बाहेर'ऐवजी शिट्टी येत असतानाही चिंगी त्याच बटणावर जाऊन फिरायला निघायची. म्हणून मी 'बाहेर' आणि 'खेळ' यांची अदलाबदल केली. ती जुन्या जागी गेली, दाबलं, "खेळ" ऐकलं आणि तरी दारातच जाऊन उभी राहिली. म्हणजे ती शब्द नाही, जागा दाबते, असं मी ठरवूनच टाकलं आणि नवऱ्याला तसं ऐकवलंही. पण शिट्टी पुसून 'बाहेर' नव्याने भरलं, बटण माझ्याबरोबर बेडरूममध्ये नेलं, दार लोटून घेतलं आणि दाबलं. हॉलमधून नखांचा टकटक आवाज थेट मुख्य दारापर्यंत गेला. पट्टा नाही, चपला नाहीत, माझा चेहराही तिला दिसत नव्हता. शब्द तिला कळतो. दाबताना ती जागेवर विसंबते, ऐकताना कानावर.

2024 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या फेदेरिको रोसानो यांच्या गटाने साधारण हेच तपासलं होतं. 'खेळ' आणि 'बाहेर' हे शब्द माणसाने तोंडाने म्हटले काय किंवा बटणातून आले काय, दाबणारा मालक असो की परका, कुत्री त्या शब्दाला साजेशी वागली. त्याच गटाचा दुसरा अभ्यास 152 कुत्र्यांच्या 21 महिन्यांच्या नोंदींवर होता. सगळी मिळून 2,60,000 हून जास्त दाबणी, त्यातली सुमारे 1,95,000 कुत्र्यांनी स्वतः केलेली. दोन बटणांच्या जोड्याही अगदीच आंधळेपणाने दाबलेल्या नव्हत्या, असं निघालं. नोंदी मालकांनीच ॲपवर केलेल्या, त्यामुळे मी त्यावर अगदी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. पण त्यातली एक गोष्ट नवऱ्याला मुद्दाम वाचून दाखवली: 'आय लव्ह यू' हे बटण माणसं जेवढं दाबतात त्या मानाने कुत्री फारच कमी दाबतात. नवऱ्याला पाचवं बटण 'आय लव्ह यू'साठीच हवं होतं. अडीचशे रुपये वाचले.

तर तो स्विच. चिंगीचं काहीच अडत नाही. बटणातून शिट्टी येवो, नाहीतर कचरागाडीचं गाणं (तेही एकदा भरलं गेलं होतं). अडतं आमचं. आतल्या खोलीत बसून नुसतं ऐकून कळावं, म्हणून तर हे विकत घेतलं. नाहीतर ती आधी दार खरवडायचीच, तेही कळत होतंच. फक्त दाराच्या पॉलिशची वाट लागायची. ते पॉलिश वाचलं, हे मात्र मान्य करते. सुतार मागे जे पैसे सांगून गेला होता त्यात असे दोन सेट आले असते.

विक्रेत्याला तक्रार केली. "मॅडम, व्हिडिओ पाठवा." पाठवला. "डॉगी खूप क्यूट आहे." स्विचचं काय? "रेकॉर्डिंग वॉरंटीत येत नाही." अहो, रेकॉर्डिंग नसेल तर ते बटण कशाला, पेपरवेट म्हणून वापरायचं का?

शेवटी एम-सील मळून चारही स्विचांवर थापलं. आता 'खाऊ' जन्मभर 'खाऊ'च राहणार. एम-सील पूर्ण वाळेपर्यंत बटणं चिंगीपासून लांब ठेवा. आणि चावरं कुत्रं असेल तर हा उपायच करू नका, ते पोटात गेलेलं चालणार नाही.

काल विक्रेत्याचा मेसेज आला: पाच तारे दिलेत तर एक बटण फुकट. मी विचारलं, त्याच्या स्विचला झाकण आहे का? दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. तीन तारे.