सॉलिडवर्क्समधील असेंब्ली ब्लेंडरमध्ये नेताना: फ्रीकॅड कितपत उपयोगी?

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींतील अनेक लहान कारखान्यांत डिझाइन सॉलिडवर्क्स या यंत्रभागांचे त्रिमिती आराखडे काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये होते. परंतु कॅटलॉगसाठी किंवा प्रदर्शनातील स्टॉलच्या फलकासाठी चार चांगली चित्रे हवी असली, तर तेवढ्यासाठी वेगळे रेंडरिंग (आराखड्यातून छायाचित्रासारखे चित्र काढणारे) सॉफ्टवेअर विकत घेणे मालकाला पटत नाही. ब्लेंडर हे अशी चित्रे काढणारे सॉफ्टवेअर मोफत आहे, पण ते स्टेप फाईल (वेगवेगळ्या कॅड सॉफ्टवेअरमध्ये आराखडे पाठवण्याचा सामायिक प्रकार) थेट वाचत नाही. ही अडचण फ्रीकॅड हे कॅड सॉफ्टवेअर, तेही मोफत, दूर करते: ते स्टेप उघडून ब्लेंडर वाचू शकेल अशी फाईल देते. सेंट्रिफ्युगल पंपाच्या असेंब्लीवर (सर्व भाग जोडलेल्या मॉडेलवर) हा मार्ग वापरल्यानंतर, अधूनमधून चित्रे लागणाऱ्याने यापेक्षा जास्त खर्च करू नये, असे माझे मत झाले आहे.

निम्मे काम सॉलिडवर्क्समध्येच बनते किंवा बिघडते. स्टेप फाईल काढताना स्टेपच्या उपप्रकारांपैकी एपी २०३ ऐवजी एपी २१४ निवडावे, कारण रंग त्यातूनच पुढे जातात. घाईत एसटीएल हा दुसरा फाईल प्रकार पाठवण्याची सवय आपल्याकडे फार आहे. त्या फाईलमध्ये फक्त त्रिकोण असतात, एकक नसते आणि सुट्या भागांची नावेही नसतात, त्यामुळे इंपेलर, शाफ्ट आणि केसिंग यांचा एकच गोळा हाती येतो. कॉस्मेटिक थ्रेड (बोल्टचे आटे दाखवण्यापुरती खूण) ही प्रत्यक्ष भूमिती नसल्यामुळे स्टेपमध्ये उतरत नाही आणि रेंडरमध्ये बोल्ट गुळगुळीत दिसतो. जवळून दिसणाऱ्या बोल्टचे आटे खरे काढावेत, बाकीच्यांच्या वाटेला जाऊ नये.

फ्रीकॅडमध्ये असेंब्लीचे झाड (भाग-उपभागांची यादी) नावांसह उघडते, ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू. बाहेरून न दिसणारे बेअरिंग, सील आणि शाफ्टच्या चाव्या येथेच काढून टाकाव्यात आणि मग ब्लेंडर वाचू शकणाऱ्या जीएलटीएफ (glTF) या फाईल प्रकारात निर्यात करावी. वक्र पृष्ठभागाचे त्रिकोण किती बारीक व्हावेत, हे ठरवताना मात्र कंजुषी करू नये. पडद्यावर गोल भासणाऱ्या फ्लँजची (पाइप जोडण्याच्या चकतीची) कड रेंडरमध्ये प्रकाश पडताच बहुकोनी दिसते, आणि मग धातूचे मटेरियल कितीही चांगले दिले तरी वस्तू खेळण्यातली वाटते. जीएलटीएफचे एकक मीटर आहे आणि आपले सर्व काम मिलिमीटरमध्ये चालते, म्हणून ब्लेंडरमध्ये आल्याबरोबर फ्लँजचा व्यास तपासावा. हजारपटीची चूक प्रकाशयोजना करून झाल्यावर लक्षात आली, तर सगळेच पुन्हा करावे लागते.

रंग आले तरी मटेरियल येत नाही. ओतीव लोखंड, स्टेनलेस स्टील आणि रबर ब्लेंडरमध्ये नव्यानेच द्यावे लागतात. सारख्या बोल्टना एकत्र निवडून एकाचे मटेरियल सर्वांना जोडता येते, हे बरे. कॅडमधल्या धारदार कडा रेंडरमध्ये कृत्रिम दिसतात. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमधील बेव्हल नोड (मटेरियलमध्ये जोडायचा एक घटक) भूमितीला हात न लावता त्या किंचित गोल भासवतो आणि कास्टिंगला त्याने खरोखर जीव येतो.

या मार्गाची खरी उणीव म्हणजे मूळ डिझाइनशी संबंध तुटतो. नोझलचा कोन बदलला, की स्टेपपासून सर्व पुन्हा करावे लागते आणि त्या भागाचे मटेरियलही नव्याने जोडावे लागते. कीशॉटसारख्या सशुल्क सॉफ्टवेअरमध्ये सॉलिडवर्क्सशी थेट जोडणी मिळते आणि बदललेला भाग मटेरियलसह अद्ययावत होतो. ज्यांच्याकडे ग्राहक दर आठवड्याला नवा बदल सुचवतो, त्यांनी त्या सॉफ्टवेअरची किंमत आपल्या डिझायनरच्या वाया जाणाऱ्या तासांशी ताडून पाहावी. डिझाइन गोठवल्यानंतरच चित्रे काढणाऱ्यांना फ्रीकॅड पुरेसे आहे.