नियोजन मंडळाची सुनावणी: तीन बैठकांनंतरचा माझा अभिप्राय

पाचपैकी चार तारे.

आमच्या घराच्या वरच्या अंगाला मोकळा प्लॉट आहे. तिथे खाली दुकानं, वर घरं अशी इमारत बांधायचा अर्ज नियोजन मंडळाकडे, म्हणजे बांधकामाला परवानगी द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या मंडळाकडे, गेला आणि शेजारी म्हणून आम्हाला नोटीस आली. पहिल्या सुनावणीला मी चार पानं लिहून नेली होती: शांतता जाईल, उजेड जाईल, वर्दळ वाढेल. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यातलं नकाशावर काय दाखवता येईल?" तेव्हा राग आला होता. पण त्या एका प्रश्नानेच मला कामाला लावलं.

इमारत आपल्याला आवडते की नाही, हे मंडळ ठरवत नसतं. त्या जागेला नेमून दिलेल्या वापरात ती बसत असेल, तर नुसत्या नावडीवर अर्ज फेटाळता येत नाही. सामासिक अंतर, म्हणजे प्लॉटच्या हद्दीपासून इमारतीपर्यंत मोकळी सोडायची जागा, सुटलंय का, उंची मर्यादेत आहे का, गाडी बाहेर काढताना रस्ता दिसतो का, अग्निशमनाची गाडी मागपर्यंत पोचते का, पाणी कुठे जातं, हे तपासलं जातं. आपली हरकत यातल्या कशाला तरी धरून हवी.

मी पाणी धरलं. नकाशा १:५०० चा, म्हणजे कागदावरचा १ सेंटिमीटर जागेवर ५ मीटर. समोच्च रेषांवरून, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांवरून, पेन्सिलीने उतार काढत गेले, तर बाण थेट आमच्या मागच्या भिंतीवर आला. आज तिथे गवत आहे, बरंचसं पाणी जिरतं. उद्या छप्पर आणि फरसबंदी मिळून १,२०० चौरस मीटर होणार. त्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला की ६०,००० लिटर पाणी! दुसऱ्या सुनावणीला हा आकडा आणि तो बाण, एवढंच घेऊन गेले. मंडळाच्या अभियंत्यांनी माझा कागद अर्जदाराच्या वास्तुविशारदांपुढे सरकवला. "हे पाणी तुमच्या हिशेबात कुठे धरलंय?" त्यांनी पानं उलटून पाहिली. हिशेब फक्त रस्त्याच्या बाजूचा होता. सुनावणी पुढे ढकलली.

तिसऱ्या बैठकीत मंजुरी मिळाली, पण अटींसह. प्लॉटबाहेर जाणाऱ्या पाण्याचा जोर आधीपेक्षा वाढता कामा नये. त्यासाठी पार्किंगखाली साठवण टाकी आणि आमच्या बाजूने ६० सेंटिमीटर खोल चर. हे झाल्याशिवाय इमारत वापरायला द्यायची नाही. मसुद्यात 'शक्यतो' असा शब्द होता, तो एका सदस्य बाईंनी खोडायला लावला. शक्यतो लिहिलं की ते होत नाही, म्हणाल्या. मला त्यांचे हात धरावेसे वाटले.

एक तारा कापला तो कागदपत्रांसाठी. सुधारित नकाशे आम्हाला सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी बघायला मिळाले. नोकरी करणाऱ्या माणसाने ते कधी वाचायचे? आणि नोटिशीत अर्ज क्रमांक, तारीख, कलमं सगळं होतं, पण काय बांधणार हे साध्या शब्दांत कुठेच नव्हतं. पलीकडच्या आजींना वाटलं, त्यांचंच घर जाणार. दोन रात्री झोपल्या नव्हत्या. त्यांच्याजवळ बसून मी ओळ न् ओळ समजावली. हे काम नोटिशीनेच करायला हवं होतं.

तुम्हाला जायचं असेल तर फाइल आधी बघायला मागा. निर्णयाची आणि अटींची प्रत लगेच घ्या, आणि अपिलाची मुदत किती ते त्याच दिवशी विचारा. ती फार लांब नसते.

गेल्या आठवड्यात चर खणला. मी टेप घेऊन गेले, तर मुकादमांनी आपणहून दुसरं टोक धरलं. ६२ सेंटिमीटर भरला.