मटण मऊ करायची पावडर: म्हाताऱ्या कोंबड्याला चालते, कोवळ्या बोकडाला नाही

पाचपैकी तीन तारे. पावडर काम करते, पण पाकिटावर लिहिलंय तसं नाही.

मी दारव्ह्याकडच्या गावांत आखाडीचे अन् पोळ्याच्या करीचे स्वयंपाक करतो. वावरात, पऱ्हाटीच्या जाळावर, मोठ्या गंजात. कोवळं बोकड असलं तर पावडरीच्या नादी लागू नका, बोटी पार लगदा होतात. पण जुना गावरान कोंबडा आला की कितीही जाळ लावा, दात दुखतात. तिथं ही कामाची.

पाकिटात मीठ, डेक्स्ट्रोज अन् पपेन. पपेन म्हणजे कच्च्या पपईला चिरा दिला की जो पांढरा चीक गळते, त्यातलं प्रोटीन तोडणारं एन्झाइम. पोरगी अकोल्याला कृषी शिकते, तिनं समजावलं. पपेनमध्ये २१२ अमिनो आम्लं, त्यातलं २५ व्या जागेवरचं सिस्टीन हे खरं पातं. प्रोटीनची साखळी ते मधूनच कापते. मग झाड स्वतःलाच कसं कापत नाही? चिकाच्या नळ्यांत त्या पात्यावर रेणूचाच एक तुकडा म्यानासारखा बसलेला असते. अळीनं पान कुरतडलं, चीक बाहेर आला, की काही मिनिटांत म्यान गळून पडते. २००४ साली जपानी संशोधकांनी एरी रेशमाच्या अळ्यांना पपईची पानं खाऊ घातली, ती त्यांना विषारी ठरली. चीक धुतलेली पानं दिल्यावर काहीच झालं नाही. आमच्या कपाशीला एवढी अक्कल असती तर बोंडअळीवर फवारे कशाला मारले असते!

आता वापर. पाकीट म्हणते, अर्धा तास लावून ठेवा. थंड मटणात पपेन आळशी असते. त्याचा खरा जोर साठ-पासष्ट अंशांच्या आसपास, अन् खळखळ उकळी आली की ते हळूहळू मरते. म्हणून सुरुवातीला जाळ मंद ठेवायचा. थेट कुकरला लावून शिट्ट्या काढल्या तर पैसे पाण्यात. शिवाय ते आत फारसं शिरत नाही. मोठ्या बोटीला सुरीनं टोचा, नाहीतर वरून गिळगिळीत अन् आतून चिवट.

एक तारा मिठापायी कापला. रश्श्यात मीठ अर्ध्यावर आणावं लागते. दुसरा पाकिटापायी, कारण फोडल्यावर ते नीट बंद होत नाही. सिस्टीनमधल्या गंधकाला हवा लागली की पपेनचा जोर जाते, पावसाळ्यात तर विचारूच नका. छोटंच पाकीट घ्या, तारीख पाहून.

धुऱ्यावर पपई असलेल्यानं हे विकत घ्यायचं काहीच कारण नाही. कच्ची पपई सालासकट वाटा, चीक सालाखालीच जास्त. पिकलेली चालत नाही, तिच्यात चीक उरत नाही. अन् वाटून झाल्यावर हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका.