टर्बो गाडीतील प्रोग्रॅमेबल ईसीयू : जोडणी आणि ट्यूनिंगचा अनुभव

माझ्या टर्बो पेट्रोल गाडीतील मूळ ईसीयू (इंजिनचे इंधन आणि ठिणगी नियंत्रित करणारा संगणक) काढून प्रोग्रॅमेबल, म्हणजे सेटिंग बदलता येणारा, ईसीयू बसवून घेतला, त्या कामाबद्दल हा अभिप्राय. तो प्लग-इन प्रकारचा असल्यामुळे मूळ वायरिंग कापावे लागले नाही. हवा-इंधनाचे प्रमाण मोजण्यासाठीचा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर तेवढा नव्याने जोडला.

ट्यूनरची (ईसीयूची जुळणी करणाऱ्या तंत्रज्ञांची) पारख मला डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, जाण्याआधीच झाली. टायमिंग लाइट (ठिणगीची वेळ तपासणारा दिवा) लावून क्रँक पुलीवरची खूण आणि ईसीयूने दाखवलेले अंश तंतोतंत जुळेपर्यंत त्यांनी पुढचे काम सुरूच केले नाही, आणि ते योग्यच होते, कारण हा पाया चुकला तर इग्निशनचा सगळा मॅप (ठिणगी कधी पडावी याचा तक्ता) चुकतो आणि नॉकिंगमुळे, म्हणजे इंधन अवेळी पेटून बसणाऱ्या धक्क्यांमुळे, पिस्टनला इजा होऊ शकते. हलक्या भारावर हवा-इंधनाचे प्रमाण १४.७ च्या (एक भाग इंधनाला इतके भाग हवा) आसपास, तर पूर्ण बूस्टवर (टर्बोच्या पूर्ण दाबावर) ११.५ च्या जवळ ठेवले. ताकद वाढलीच, पण मला अधिक भावला तो थ्रॉटलचा सलग, विश्वासार्ह प्रतिसाद.

उणीव एकच: थंड इंजिन सकाळी सुरू होताच बंद पडत असे. कोल्ड स्टार्टची जुळणी एका दिवसात होत नाही, त्यासाठी गाडी रात्रभर थंड होऊ द्यावी लागते, हे आधी सांगायला हवे होते. दुसऱ्या भेटीत ती तक्रार दूर झाली.