७७००एक्सवर २४०चा एआयओ, दिवाळी ते जून: थंड आहे, पण ती गुडगुड!

एआयओ म्हणजे प्रोसेसर पाण्याने थंड करणारा सीलबंद कूलर: पंप, पाइप आणि फॅनवाला रेडिएटर (२४० म्हणजे रेडिएटरची साइझ, एमएममध्ये). शेवटी एकदाची त्याची रिप्लेसमेंट हातात पडली म्हणून आता लिहितोय, मे महिन्यात लिहिलं असतं तर निव्वळ शिव्याच निघाल्या असत्या. कंपनीचं नाव टाकत नाही. तसंही बऱ्याच ब्रँडचे पंप बाहेरच्याच कारखान्यांतून बनून येतात, वरचा लोगो आणि लायटिंग तेवढं यांचं.

सेटअप: रायझन ७ ७७००एक्स, मिड टॉवर कॅबिनेट, गाव नागपूर, काम लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचं. ७७००एक्सच्या बॉक्समध्ये कूलर येत नाही (साध्या ७७०० मध्ये येतो). दुकानदार म्हणाला भाऊ एवढा प्रोसेसर घेतलाय तर लिक्विडच टाका, आणि साडेआठ हजार गेले. फिटिंग त्याच्याच पोराने केलं, रेडिएटर समोर, पाइप वरच्या बाजूला, दिसायला एकदम झकास. हिवाळाभर काही तक्रार नव्हती, गेममध्ये साठ-पासष्ट डिग्री, फॅन ऐकू पण येत नव्हते, मी चार जणांना घ्या म्हणून सांगितलं.

मग ती गुडगुड सुरू झाली. रिकाम्या पोटात होते तशी, पीसी चालू केल्यावर थोडा वेळ, मग बंद, मग रात्री एक्स्पोर्ट लावून पडलो की परत. घरात कोणालाच ऐकू येत नव्हती, आई म्हणाली तुझे कान वाजतात. मी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाच्या झाकणावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली, गॅरेजवाले इंजिनचं बेअरिंग ऐकतात तसं. स्पष्ट! पाण्यातून बुडबुडे जातायत आणि मागे एक बारीक खरखर. ही ट्रिक करून बघाच, पण टोक फॅनमध्ये जाऊ देऊ नका.

झालं असं की एआयओ कितीही सीलबंद म्हटला तरी आत थोडी हवा असतेच, आणि पाइपच्या रबरातून महिनोन्महिने लिक्विड अगदी थोडं थोडं उडत जातं. हवा जाते सगळ्यात उंच जागी. रेडिएटर समोर लावून पाइप वर ठेवले की ती हवा नेमकी पाइपच्या तोंडाशी जमते आणि पंपाकडे ओढली जाते. पाइप खाली ठेवले तर ती वरच्या टोकाला गप पडून राहते, आणि सगळ्यात बेस्ट म्हणजे रेडिएटर कॅबिनेटच्या छताला. तळाला लावायचाच नाही, तसं केलं तर पंपच सगळ्यात उंच होतो आणि हवा त्याच्याच डोक्यात.

छताला लावायला गेलो तर अजून एक गंमत. रेडिएटर २७ एमएम, फॅन २५ एमएम, झाले ५२, आणि माझ्या रॅमला ते उंच लायटिंगवालं हीटसिंक. एक फॅन रॅमवर टेकला. रॅमचं पत्र्याचं नक्षीकाम हे फक्त फोटोसाठी असतं हे माझं मत तेव्हापासून पक्कं आहे. शेवटी समोरच ठेवला, उलटा करून, पाइप खाली. तेव्हाच दिसलं की पंपाची वायर त्या पोराने कॅबिनेटच्या साध्या फॅनच्या हेडरला (मदरबोर्डवरच्या पिनांना) लावलेली, म्हणजे पीसी निवांत असला की पंप पण निवांत! ती पंपाच्या हेडरला लावून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) फुल स्पीड केला. गुडगुड गेली.

खरखर नाही गेली, उलट वाढली.

सर्व्हिसवाल्यांनी आधी उत्तर दिलं की टेम्परेचर लिमिटमध्ये आहे, आवाज वॉरंटी क्लेममध्ये बसत नाही. लिमिटमध्ये असणारच ना बाप्पा, ७७००एक्स ९५ डिग्रीला पोचला की स्वतःच स्पीड कमी करतो, त्याच्या वर जातो कुठे! मग रात्री पंखे बंद करून व्हिडिओ काढला, पंपाचा आरपीएम वरखाली उड्या मारतोय तो स्क्रीनशॉट जोडला, तेव्हा कुठे पाठवा म्हणाले. कुरिअर माझ्या खिशातून, मूळ बॉक्स आणि बिल कंपल्सरी. बॉक्स माळ्यावर होता म्हणून वाचलो, तुम्ही पण फेकू नका.

पण एआयओ पाठवला की प्रोसेसरवर काय? ऐन सीझन, नवरदेवांचे फोन सुरू. अडीच हजारांचा सिंगल टॉवर एअर कूलर आणला. पंप काढताना एएम५चा (या प्रोसेसरच्या सॉकेटचा) एक फायदा कळला, प्रोसेसर पेस्टला (कूलर आणि प्रोसेसरच्या मध्ये लावतात ती) चिकटून उपटून येत नाही आणि मागची प्लेट जागची हलत नाही. फक्त प्रोसेसरच्या झाकणाला कडेने ज्या खाचा आहेत त्यांत पेस्ट जाऊन बसते, कानातल्या काडीने कोरत बसावं लागतं.

आता खरी गोष्ट. एअर कूलर लावून बायोसमध्ये इको मोड ६५ वॅट केला (६५ नुसतं नावाला), म्हणजे प्रोसेसर १४२ऐवजी जास्तीत जास्त ८८ वॅट खातो. साधारण वीस मिनिटांचा एक्स्पोर्ट दीड-दोन मिनिटांनी वाढला, टेम्परेचर सत्तरीत. बस्स! साडेआठ हजारांचं काम बायोसच्या एका ऑप्शनने केलं, तेही फुकट. आणि दुपारी खोलीतला कूलर, म्हणजे आपला खसवाला, लावला की अजून पाच-सात डिग्री खाली. बाबा म्हणाले कूलरला कूलर लागतो. हसले, पण बरोबर बोलले, लिक्विड असो की एअर, खोलीच्या हवेपेक्षा थंड कोणीच करू शकत नाही. (म्हणूनच एआयओवर दव वगैरे जमत नाही, हा प्रश्न मला सारखा विचारतात.)

लिक्विडची बाजू पण सांगतो. छोट्या कामात, दोन-तीन मिनिटांच्या रेंडरला, तो मस्त, कारण पाणी तापायला वेळ लागतो. तासभर लोड राहिला की पाणी पण तापतं आणि मग फॅनवरच सगळं येतं. इंटेलचा मोठा आय९ प्रोसेसर पूर्ण वॅटवर चालवणाऱ्यांनी ३६०चा एआयओ घ्यावा, त्यांना पर्याय कमी. ७७००एक्सला मात्र गरज नाही, दुकानदार काही म्हणो.

रिप्लेसमेंटचं सील मी फोडलेलं नाही. सहा हजारांना विकायला काढलाय, बॉक्स-बिलासकट, वॉरंटी मात्र जुन्याच तारखेपासून मोजतात, नवी सुरू होत नाही. तीन हजारात मागणाऱ्यांनी मेसेज करू नये.