साउंड कार्ड गेलंच नव्हतं! लॅमिंग्टन रोडवरच्या या दुकानाला माझे पाच स्टार

जरा लांबलचक लिहितेय, कारण इथे यायच्या आधी मला असं काही वाचायला मिळालं असतं तर माझे पंधरा दिवस आणि बरीचशी झोप वाचली असती.

माझा डेस्कटॉप तसा जुना आहे पण त्यात आवाजासाठी वेगळं साउंड कार्ड बसवलेलं आहे आणि ते मला हवंच आहे, कारण त्याला निळा लाइन-इन जॅक आहे, म्हणजे कॅसेट डेकसारख्या यंत्रातला आवाज आत घ्यायची जागा. आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्यांच्या सात कॅसेट आमच्याकडे आहेत, मामाने १९८८ साली गावी रेकॉर्ड केलेल्या, त्या मी डेकवरून कॉम्प्युटरवर उतरवून घेतेय. लॅपटॉपला हल्ली लाइन-इन नसतोच, आणि डेकची वायर गुलाबी माइकच्या जॅकमध्ये घातली तर आवाज फाटतो, कारण माइकचा सिग्नल अगदी बारीक असतो म्हणून तिथे तो आतमध्ये वाढवून घेतात आणि डेकमधून येणारा आधीच मोठा असतो. तीन कॅसेट झाल्या होत्या, चौथी अर्धी.

मध्येच मुलाच्या आर्किटेक्चरच्या सॉफ्टवेअरसाठी घराजवळच्या एका दुकानातून (नाव लिहीत नाही) ग्राफिक्स कार्ड आणि एम.टू एसएसडी (मदरबोर्डवरच्या खाचेत बसणारी स्टोरेजची पट्टी) बसवून घेतली. मशीन पळायला लागलं पण आवाज गायब. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या भागांच्या यादीत, कार्डाचं नावच नाही, हिडन डिव्हाइसेस दाखव म्हटलं की फिकट अक्षरात दिसायचं, म्हणजे पूर्वी होतं आता नाही. परत त्यांच्याकडे नेलं तर त्यांनी ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) दोनदा काढून घातला आणि सांगितलं कार्ड उडालंय मॅडम, नवीन घ्या, नाहीतर यूएसबीवालं घ्या. यूएसबीचं घेणारच होते, पण स्वस्तातल्या बहुतेकांना नुसता माइक आणि हेडफोन असतो, लाइन-इन नाही, मग मला काय उपयोग.

ऑफिसमधल्या एकाने हे दुकान सांगितलं. कॅबिनेट चादरीत गुंडाळून डोंबिवलीहून मालडब्यातून दादर, तिथे पुलावरून पलीकडे, मग स्लो पकडून ग्रँट रोड. जीव गेला, पण आल्याचं सार्थक झालं.

दुकानातल्या काकांनी आधी विचारलं, "ताई, बंद पडायच्या आधी आत काय काय बदललं?" इतका साधा प्रश्न, पण तोवर कोणी विचारलाच नव्हता. मग कार्ड काढून उजेडात धरलं, खालच्या सोनेरी पट्ट्यांवरून पांढरा खोडरबर अलगद फिरवला, रबराला काळपट रेघा आल्या त्या मला दाखवल्या, कपड्याने कण पुसले आणि कार्ड दुकानातल्या दुसऱ्याच मशीनमध्ये लावलं. दोन मिनिटांत त्यातून आवाज! तिथेच माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

म्हणजे कार्ड चांगलं, घोळ माझ्या मशीनमध्ये. काकांनी मदरबोर्डचं मॉडेल बघून मॅन्युअल फोनवर उघडलं आणि स्लॉटच्या (कार्डं बसवायच्या खाचांच्या) तक्त्याखालची बारीक अक्षरातली टीप मला वाचायला लावली. माझ्या बोर्डवर खालचा एम.टू आणि सगळ्यात खालचा पीसीआय एक्सप्रेस एक्स-वन स्लॉट (छोट्या कार्डांचा) एकच लेन, म्हणजे डेटा जायचा रस्ता, वाटून घेतात, एम.टूमध्ये एसएसडी घातली की तो स्लॉट आपोआप बंद. आधी साउंड कार्ड वरच्या एक्स-वनमध्ये होतं, नवीन ग्राफिक्स कार्ड दोन स्लॉटएवढं जाड त्यामुळे तो झाकला गेला, म्हणून त्या लोकांनी कार्ड खाली सरकवलं आणि एसएसडीही खालीच घातली. बंद स्लॉटात बसलेलं कार्ड विंडोजला दिसणार कसं, मग शंभर वेळा ड्रायव्हर टाका! काकांनी एसएसडी वरच्या एम.टूमध्ये हलवली, त्याने साटाचा (हार्ड डिस्क जोडायचा) एखादा पोर्ट बंद पडत नाही ना तेही त्याच तक्त्यात बघून घेतलं कारण माझे सगळे फोटो जुन्या हार्ड डिस्कवर आहेत. विंडोज काही न विचारता सुरू झालं आणि कार्ड दिसलं.

तरी स्पीकर गप्पच. इथे मी हादरले पण काका शांत. ग्राफिक्स कार्डालाही स्वतःचा आवाजाचा भाग असतो, एचडीएमआयच्या वायरमधून चित्राबरोबर आवाजही जातो, आणि त्याचा ड्रायव्हर टाकल्यावर विंडोजने तेच डिफॉल्ट करून ठेवलं होतं. माझ्या मॉनिटरला स्पीकर नाहीत, म्हणजे आवाज जात होता पण वाजायला काही नव्हतं. साउंड सेटिंगमध्ये आउटपुट बदललं, झालं. स्लॉट बदलला की विंडोज कार्डाला नवीन समजतं म्हणून रेकॉर्डिंगला लाइन-इन परत निवडावा लागला, तोही मलाच करायला लावला, म्हणजे पुढच्या वेळी अडायला नको.

जाता जाता पुढच्या हेडफोन जॅकची वायरही बघितली. माझ्या कॅबिनेटच्या त्या वायरीला आतल्या बाजूला दोन प्लग आहेत, एक एसी ९७ या जुन्या पद्धतीचा आणि एक एचडी ऑडिओ या नव्या पद्धतीचा, माझ्याकडे जुना लावलेला होता. बदलून दिला, त्याचे पैसे नाही घेतले.

सगळे मिळून ४०० रुपये. नवीन कार्ड सहज गळ्यात मारता आलं असतं, मी तर घ्यायच्याच तयारीने गेले होते. म्हणून मला या माणसाबद्दल एवढं वाटतं.

उणं काय तर वेळ सांगत नाहीत, मी तीन तास बसले, बसायला एकच स्टूल. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, मागून घ्या. व्हॉट्सॲपला उत्तर दुसऱ्या दिवशी येतं. आणि जिना इतका अरुंद आहे की कॅबिनेट घेऊन एकट्याने चढू नका, खाली चहावाल्याला सांगितलं तर तो वर हाक मारतो आणि दुकानातला मुलगा खाली येतो.

येताना मदरबोर्डचं खोकं असेल तर मॉडेल नंबरचा फोटो काढून आणा आणि काय काय बदललं ते कागदावर लिहून आणा. मॉनिटर, कीबोर्ड, स्पीकर त्यांच्याकडे आहेत, ओझं वाढवू नका. रविवारी बंद.