क्वार्ट्झसाइटचं वाळवंट: परवाना काढून राहावं की फुकट भटकावं?

अमेरिकेत ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइट गावाभोवती दर हिवाळ्यात हजारो व्हॅन आणि आरव्ही, म्हणजे चाकांवरची घरं, येऊन टेकतात. त्यात निवृत्त जोडपी बरीच. इथल्या सरकारी जमिनीवर दोन तऱ्हांनी राहता येतं.

एक, ला पोसाचा दीर्घ मुक्कामाचा तळ. हंगाम 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल. अख्ख्या हंगामाचा परवाना कित्येक वर्षं 180 डॉलरचा होता, म्हणजे महिना जेमतेम 26 डॉलर! पाण्याचा नळ, सांडपाणी ओतायची जागा, कचराकुंडी, सगळं आहे. शेजाऱ्यांच्या जनरेटरची घरघरही आहे.

दुसरी तऱ्हा, तळाबाहेरचं मोकळं माळरान. भाडं शून्य. पण 28 दिवसांत एका जागी फक्त 14 दिवस. मग बिऱ्हाड किमान 25 मैल, म्हणजे 40 किलोमीटर लांब हलवायचं. खरी कसोटी पाण्याची. दोघांच्या पिण्या-रांधण्याला रोज आठ लिटर धरलं, तरी दोन आठवड्यांचं शंभर किलोंवर ओझं. म्हणून ताटं आधी कागदाने पुसायची, मग फवाऱ्याच्या बाटलीने दोनदा फुसफुस. आंघोळ? ओला पंचा. आणि झाडांची सावली दिसली म्हणून कोरड्या ओढ्यात गाडी लावू नये; दूरच्या डोंगरात पाऊस झाला तरी तिथे लोंढा येतो.

माझं विचाराल तर नवख्या जोडप्याने पहिला हिवाळा ला पोसातच काढावा. पाण्यावरून भांडणं थांबली की मग खुशाल भटकावं. एप्रिलनंतर मात्र दोघांनीही गाशा गुंडाळलेला बरा. उन्हाळ्यात पारा 45 अंशांपार जातो.